कोणत्या अध्यक्षाच्या काळात किती नोकऱ्या वाढल्या? अमेरिकेचे आकडे स्वतः मोजण्याची रीत

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार वर्षांनी एकच वाद पेटतो. न्यू जर्सीतला मामेभाऊ एक तक्ता टाकतो, टेक्सासमधली आतेबहीण दुसरा. दोन्हींवर अमेरिकी अध्यक्षांची नावं आणि त्यांच्या काळात वाढलेल्या नोकऱ्या. दोन्ही सरकारी आकडेवारीवरून काढलेले, आणि तरी दोन्हींत पहिला नंबर वेगळ्याच अध्यक्षाचा. पुण्यात बसून हे वाचणाऱ्या आम्हा लोकांना वाटायचं की दोघांपैकी एकजण फसवतोय.

२०२४ च्या निवडणुकीआधी मी मूळ आकडे उतरवून घेतले आणि एका वहीत स्वतः मांडले. तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलत होते. १९७७ पासून पुढच्या अध्यक्षांची एकूण वाढ मोजली तर बिल क्लिंटन पहिले येतात. वर्षाला सरासरी किती नोकऱ्या वाढल्या असं विचारलं तर जो बायडेन पुढे जातात. आणि आधी जितक्या नोकऱ्या होत्या त्यांच्या वर्षाला किती टक्के वाढ झाली, असं पाहिलं तर जिमी कार्टर सगळ्यांच्या वर बसतात. तेच कार्टर, ज्यांना अमेरिकेच्या मतदारांनी एकाच मुदतीनंतर घरी पाठवलं.

आकडे तेच असताना तीन प्रश्नांना तीन उत्तरं येतात. म्हणून ही रीत सविस्तर लिहून ठेवतोय. अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे मतदान करणाऱ्या मराठी माणसांना ती उपयोगी पडेलच, पण तिथल्या रोजगाराच्या बातमीवर ज्यांची नोकरी हलते त्या इथल्या आयटीवाल्यांनाही पडेल.

सगळ्यात आधी: नियम कागदावर लिहा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आकडे उघडण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. कोणती मोजणी वापरणार, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत धरणार, वाढ संख्येत सांगणार की टक्क्यांत, आणि मंदी किंवा महासाथीचे महिने वगळणार की ठेवणार. एकदा लिहिलं की सगळ्या अध्यक्षांना तेच लावायचं.

कोविडचे महिने ट्रम्प यांच्या खात्यातून वगळायचे असतील, तर कोविडनंतरची भरपाई बायडेन यांच्या खात्यातूनही वगळावी लागेल. २००९ मधल्या नोकरकपातीचं खापर ओबामांवर फोडायचं नसेल, तर धाकट्या बुश यांनाही २००१ मधल्या मंदीबद्दल तीच सवलत द्यावी लागेल, कारण ती मार्च २००१ मध्ये, म्हणजे ते पदावर आल्यावर दोनच महिन्यांत सुरू झाली. आपल्याला आवडणाऱ्या माणसासाठी एक माप आणि न आवडणाऱ्यासाठी दुसरं, हे आपल्याही नकळत होतं. नियम कागदावर असला की ते लगेच दिसतं.

नोकऱ्या मोजायच्या की माणसं?

अमेरिकेचं कामगार खातं दर महिन्याला एक रोजगार अहवाल काढतं. तो बनवण्याचं काम ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे बीएलएस करतं. अहवाल बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला येतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. या एकाच अहवालात दोन वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पहिली पाहणी मालकांची. सुमारे १ लाख २० हजार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना विचारलं जातं की महिन्याची १२ तारीख ज्या पगारकाळात येते, त्या काळात तुमच्या पगारपटावर किती जण होते. शेती सोडून बाकीच्या पगारी नोकऱ्यांचा जो आकडा बातम्यांत येतो, तो हाच. इथे नोकऱ्या मोजल्या जातात. एकच माणूस दिवसा गोदामात आणि रात्री पेट्रोलपंपावर काम करत असेल, तर तो दोनदा मोजला जातो. स्वतःचा धंदा करणारे, शेतावर राबणारे, घरकामाला जाणारे आणि सैनिक यात येत नाहीत.

दुसरी पाहणी घरांची. जनगणना खात्याची माणसं सुमारे ६० हजार घरांशी संपर्क साधून विचारतात, कोण कामावर आहे, कोण काम शोधतंय, कोण शोधतच नाही. बेरोजगारीचा दर या पाहणीतून निघतो. इथे माणसं मोजली जातात. दोन नोकऱ्या करणारा एकदाच, आणि स्वतःची टॅक्सी चालवणाराही धरला जातो.

अध्यक्षांच्या तुलनेसाठी मुख्य आकडा पहिल्या पाहणीचा घ्या. तिचा नमुना खूप मोठा आहे, १९३९ पासूनची सलग मालिका मिळते, आणि पुढे करनोंदींशी ताडून ती दुरुस्त होते. घरांच्या पाहणीतल्या नोकरदारांच्या संख्येचं एक दुखणं आहे. दर जानेवारीत लोकसंख्येचा नवा अंदाज त्यात घातला जातो, पण मागचे आकडे त्यानुसार बदलले जात नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये या एकाच कारणाने नोकरदारांची संख्या कागदावर सुमारे २० लाखांनी वर गेली. ती वाढ कोणाच्याही कारकिर्दीत झालेली नव्हती. म्हणून घरांच्या पाहणीतून दर आणि टक्केवारी घ्या, संख्या घेऊ नका.

भारतातले आकडे शेजारी ठेवायचा मोहही टाळा. भविष्यनिर्वाह निधीच्या खातेदारांची जी निव्वळ वाढ आपल्याकडे जाहीर होते, तिच्यात आधीपासून चालू असलेल्या नोकऱ्या नोंदणीत आल्याचाही भाग असतो. अमेरिकी पगारपटाच्या आकड्याशी तिची थेट तुलना होत नाही.

आकडे उतरवताना शून्य हरवू देऊ नका

आकडे बीएलएसच्या संकेतस्थळावर आहेतच, पण उतरवायला सोपी जागा म्हणजे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं ‘फ्रेड’ हे संकेतस्थळ. तिथे बिगरशेती नोकऱ्यांची मालिका पी-ए-वाय-ई-एम-एस या सहा अक्षरांनी शोधली की पहिलीच सापडते. हंगामी चढउतार काढलेली मालिका हीच. नाताळात दुकानांत लागणारी आणि जानेवारीत सुटणारी तात्पुरती माणसं तुमचा हिशेब बिघडवत नाहीत.

पान उघडल्यावर फेब्रुवारी २०२० समोर १,५२,३०० च्या आसपासचा आकडा दिसेल. हे दीड लाख नाहीत. मालिका हजारांत आहे. आपल्या लाख-कोटीत आणायची साधी युक्ती अशी: शेवटचे दोन अंक खोडा, उरलेला आकडा लाखांत. चार अंक खोडा, उरलेला कोटींत. म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये १,५२३ लाख, अर्थात सुमारे सव्वापंधरा कोटी नोकऱ्या होत्या.

दुसरी चूक मिलियनची. एक मिलियन म्हणजे दहा लाख, त्यामुळे २२.९ मिलियन म्हणजे २ कोटी २९ लाख. मराठीत फिरणाऱ्या तक्त्यांत मी हा आकडा २२.९ कोटी असा पाहिला आहे. अमेरिकेत सगळ्या मिळूनही तेवढ्या पगारी नोकऱ्या नाहीत. उतरवलेला प्रत्येक आकडा देशातल्या एकूण नोकऱ्यांशी एकदा ताडून बघा, अशी चूक तिथल्या तिथे सापडते.

जानेवारी कोणाचा?

अध्यक्षाचा शपथविधी २० जानेवारीला होतो. पाहणीचा काळ १२ तारखेचा. म्हणजे शपथविधीच्या वर्षातला जानेवारीचा आकडा जाणाऱ्या अध्यक्षाच्या शेवटच्या दिवसांतला असतो, आणि येणाऱ्यासाठी तीच सुरुवातीची पातळी. येणाऱ्याच्या खात्यात पहिला महिना फेब्रुवारीचा. मी हाच नियम धरला: एका जानेवारीपासून दुसऱ्या जानेवारीपर्यंत.

काहीजण डिसेंबर ते डिसेंबर मोजतात. शांत काळात त्याने फारसं बिघडत नाही. पण जानेवारी २००९ मध्ये एकाच महिन्यात साडेसात लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. तो महिना बुश यांच्या खात्यात टाकायचा की ओबामांच्या, यावर दोघांच्याही आकड्यात तेवढा फरक पडतो. तक्ता पाहताना पहिली नजर या सुरुवातीच्या महिन्यावर टाका. तो लिहिलेलाच नसेल तर तो तक्ता पुढे पाठवू नका.

चालू मुदतीच्या अध्यक्षाची तुलना पूर्ण झालेल्या मुदतीशी करायची नसते. त्यांचे जितके महिने झाले असतील, तितकेच महिने बाकीच्यांचे घ्यायचे. म्हणून माझ्या तक्त्यात ट्रम्प यांची पहिलीच मुदत आहे.

भागाकार

सुरुवातीचा आकडा शेवटच्यातून वजा केला की एकूण वाढ मिळते. तिला सुरुवातीच्या पातळीने भागलं की टक्के. आणि वर्षाचा चक्रवाढ दर हवा असेल तर शेवटच्या पातळीला सुरुवातीच्या पातळीने भागायचं, चार वर्षांसाठी त्याचं चौथं मूळ आणि आठ वर्षांसाठी आठवं मूळ काढायचं, मग त्यातून एक वजा करायचा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर आडवं धरलं की बहुतेक फोनांत मूळ काढायचं बटण दिसतं.

कार्टर यांचा हिशेब करून दाखवतो. जानेवारी १९७७ मध्ये नोकऱ्या सुमारे ८ कोटी ७ लाख. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ९ कोटी १० लाख. वाढ १ कोटी ३ लाख. ९१० ला ८०७ ने भागलं की १.१२८. त्याचं चौथं मूळ १.०३१. म्हणजे वर्षाला ३.१ टक्के.

याच रीतीने सगळ्यांचे आकडे असे येतात. ते जवळच्या लाखापर्यंत आणलेले आहेत.

| अध्यक्ष | काळ | एकूण वाढ | वर्षाचा दर |
|---|---|---|---|
| कार्टर | १९७७–८१ | १०३ लाख | ३.१ टक्के |
| रेगन | १९८१–८९ | १६१ लाख | २.१ टक्के |
| थोरले बुश | १९८९–९३ | २६ लाख | ०.६ टक्के |
| क्लिंटन | १९९३–२००१ | २२९ लाख | २.४ टक्के |
| धाकटे बुश | २००१–०९ | १३ लाख | ०.१ टक्के |
| ओबामा | २००९–१७ | ११६ लाख | १.० टक्के |
| ट्रम्प, पहिली मुदत | २०१७–२१ | २७ लाख घट | उणे ०.५ टक्के |
| बायडेन | २०२१–२५ | दीडशे लाखांहून अधिक | अडीच टक्क्यांच्या थोडा वर |

टक्के का लागतात, ते कार्टर आणि बायडेन यांच्या ओळींत दिसतं. बायडेन यांच्या काळातली वाढ कार्टर यांच्या जवळपास दीडपट आहे. पण कार्टर यांनी सुरुवात केली तेव्हा देशात आठ कोटी नोकऱ्या होत्या, बायडेन यांच्या वेळी सव्वाचौदा कोटींच्या वर. मोठ्या देशात तेवढीच मेहनत केली तरी मोठा आकडा येतो. नुसती संख्या मांडली तर जुने अध्यक्ष कायम मागेच राहणार.

सर्वात वेगवान वाढ, आणि बेरोजगारी जागच्या जागी

आता माझ्या मते या सगळ्या आकडेवारीतली सर्वात शिकण्यासारखी जागा. कार्टर आले त्या महिन्यात बेरोजगारीचा दर ७.५ टक्के होता. ते गेले त्या महिन्यातही ७.५ टक्केच. चार वर्षांत एक कोटीहून जास्त नोकऱ्या तयार झाल्या आणि बेरोजगारीचा दर तसूभरही कमी झाला नाही.

हे कसं झालं? दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली भली मोठी पिढी तेव्हा कामाच्या वयात येत होती. शिवाय स्त्रिया फार मोठ्या संख्येने घराबाहेर पडून नोकरी करू लागल्या होत्या. कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण त्या चार वर्षांत सुमारे ४८ टक्क्यांवरून ५२ च्या आसपास गेलं. नोकऱ्या वाढत होत्या, पण दारात उभी असलेली रांगही त्याच वेगाने वाढत होती. त्यात १९८० मध्ये महागाई साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. किराणा आणि पेट्रोलच्या पावतीकडे पाहणाऱ्या मतदाराला एक कोटी नव्या नोकऱ्यांचं कौतुक वाटलं नाही, यात नवल नाही.

म्हणून नोकऱ्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा. एक बेरोजगारीच्या दराचा. क्लिंटन यांच्या काळात तो ७.३ वरून ४.२ वर आला, ओबामांच्या काळात ७.८ वरून ४.७ वर. नोकऱ्यांच्या वाढीत क्लिंटन ओबामांच्या दुप्पट आहेत, पण दरातली घट दोघांची सारखीच, ३.१ अंकांची. कारण ओबामांच्या वेळेपर्यंत तीच मोठी पिढी निवृत्त व्हायला लागली होती.

दुसरा रकाना २५ ते ५४ वयोगटातल्या किती टक्के लोकांना काम आहे, याचा. शिकणारी मुलं आणि निवृत्त माणसं बाजूला राहतात, त्यामुळे लोकसंख्या म्हातारी होत असली तरी हा आकडा दिशाभूल करत नाही. एप्रिल २००० मध्ये तो ८१.९ टक्के होता. २००८ च्या अरिष्टानंतर ७५ च्याही थोडा खाली घसरला. २०२० च्या सुरुवातीला साडेऐंशीच्या आसपास आला, आणि कोविडनंतर पुन्हा तिथपर्यंत चढला. मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

कोणाला काय वारसा मिळाला

रेगन यांची ओळ पुन्हा बघा. आठ वर्षांत १ कोटी ६१ लाख. पण ही चढण सरळ नव्हती. कार्टर यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या (‘फेड’च्या) प्रमुखपदी आणलं होतं. महागाई मोडायला व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा आवळला आणि अल्पमुदतीचे व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेले. जुलै १९८१ ते नोव्हेंबर १९८२ मंदी चालली, १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, आणि रेगन यांच्या पहिल्या दोन वर्षांत वीस लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. पुढच्या सहा वर्षांत मात्र सुमारे १ कोटी ८० लाख आल्या. १९८२ च्या शेवटी तक्ता थांबवणारा आणि १९८३ पासून सुरू करणारा, दोघं एकाच माणसाबद्दल अगदी उलट गोष्ट सांगतील.

ओबामांच्या बाबतीत जानेवारी २००९ ते फेब्रुवारी २०१० या तेरा महिन्यांत ४० लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली होती. जानेवारी २००८ च्या शिखरापासून तळापर्यंत एकूण ८७ लाख नोकऱ्या बुडाल्या, आणि ते शिखर पुन्हा गाठायला मे २०१४ उजाडला. तळापासून मोजलं तर ओबामांची वाढ ११६ ऐवजी सुमारे १६० लाख होते.

तळापासून मोजणं मला मान्य नाही. प्रत्येकाला त्याच्या तळापासून मोजायला लागलो तर कोणीच कधी घसरणार नाही. त्यापेक्षा एक सरळ कसोटी आहे: सगळ्यांची सुरुवात आणि शेवट एकेक वर्ष पुढे सरकवा. नव्या अध्यक्षाचा पहिला अर्थसंकल्पही ऑक्टोबरपासूनच लागू होतो, त्याआधीचा खर्च जुन्याने ठरवलेला असतो, हे कारण त्याला पुरेसं आहे.

असं केल्यावर धाकटे बुश १३ लाखांच्या वाढीवरून ११ लाखांच्या आसपास घटीत जातात. ट्रम्प यांची पहिली मुदत २७ लाखांच्या घटीवरून वीस लाखांच्या आसपास वाढीत येते. ओबामा पावणेदोन कोटींच्या पुढे जातात. चिन्हच बदलतं. तुमचा निष्कर्ष या एका वर्षाच्या सरकण्याने उलटा होत असेल, तर तो ठामपणे सांगण्याइतका पक्का नाही. क्लिंटन यांचा निष्कर्ष तसा उलटत नाही; कसंही मोजा, वाढ मोठीच राहते.

कोविडसाठी मी मुदतीचे दोन तुकडे करतो आणि दोन्ही दाखवतो. ट्रम्प यांच्या खात्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत सुमारे ६७ लाखांची वाढ. मग मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत २ कोटी २० लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, एकट्या एप्रिलमध्ये दोन कोटींहून अधिक. आलेख काढलात तर हा खड्डा इतका खोल दिसतो की ऐंशी वर्षांच्या बाकी सगळ्या मंद्या त्याच्यापुढे ओरखड्यासारख्या वाटतात. ट्रम्प गेले तेव्हा त्यातला अर्ध्याहून अधिक खड्डा भरलेला होता. बायडेन यांच्या खात्यातल्या दीड कोटीच्या वाढीत सुमारे ९४ लाख नोकऱ्या कोविडपूर्व पातळीपर्यंत परतण्याच्या आहेत, ती पातळी २०२२ च्या मध्यावर गाठली गेली. त्यापुढची वाढ खरी नवी. परतलेल्या नोकऱ्यांनाही मोल आहे, ज्या माणसाची चूल पुन्हा पेटली त्याला ती नवीनच. पण तुलनेत त्या वेगळ्या लिहाव्या लागतात.

एखादाच महिना फुगलेला दिसला तर

मे २०१० मध्ये ४ लाख ३१ हजार नोकऱ्या वाढल्याची बातमी आली होती. त्यातल्या ४ लाख ११ हजार जनगणनेसाठी घेतलेल्या तात्पुरत्या माणसांच्या होत्या. दहा वर्षांनी येणारी जनगणना वसंतात आकडा फुगवते आणि उन्हाळ्यात खाली आणते. सप्टेंबर १९८३ मध्ये तर एका महिन्यात ११ लाखांहून अधिक वाढ दिसते. ऑगस्टमध्ये टेलिफोन कंपनीचे लाखो कामगार संपावर होते. पूर्ण पगारकाळ संपावर असलेला कामगार पगारपटावर धरला जात नाही, त्यामुळे ते ऑगस्टच्या आकड्यातून गळले आणि परतल्यावर सप्टेंबरमध्ये एकदम मिळवले गेले. कोणाच्याही ‘विक्रमी महिन्या’ची गोष्ट ऐकलीत की आधीचा आणि नंतरचा महिना लगेच बघा.

सरकारी नोकऱ्या वेगळ्या काढून एकदा बघण्यासारखं आहे. ओबामांच्या काळात राज्यं आणि शहरांच्या तिजोऱ्या आटल्या, शिक्षकांपासून अनेकांच्या जागा गेल्या आणि सरकारी नोकऱ्यांची एकूण संख्या घटली. त्यांची सगळी वाढ खासगी क्षेत्राची आहे.

कारखान्यांचा रकाना करायचा असेल तर स्वतंत्र करा. धाकट्या बुश यांच्या आठ वर्षांत कारखान्यांतल्या सुमारे ४५ लाख नोकऱ्या गेल्या. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्याचा या घटीत मोठा वाटा आहे. त्या प्रवेशाची बोलणी कित्येक वर्षं चालली होती आणि अमेरिकेच्या बाजूने त्यांचा शेवटचा टप्पा क्लिंटन सरकारने पार पाडला. घट एकाच्या खात्यात, निर्णय दुसऱ्याचा.

आकडे बदलतात, आणि त्यात काही काळंबेरं नसतं

पहिल्या शुक्रवारचा आकडा हा पहिला अंदाज असतो. सगळ्या कंपन्यांची उत्तरं तोवर आलेली नसतात. पुढचे दोन महिने तो सुधारला जातो. मग वर्षातून एकदा, जानेवारीच्या अहवालासोबत, तो बेरोजगारी विम्याच्या करनोंदींशी ताडून दुरुस्त होतो. त्या नोंदींत जवळपास सगळ्या नोकऱ्या येतात, म्हणून ती दुरुस्ती सर्वात भरवशाची.

या दुरुस्त्यांवरून दोन्ही पक्षांनी रान उठवलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, बायडेन पदावर असताना, मार्च २०२४ चा आकडा ८ लाख १८ हजारांनी जास्त धरला गेल्याचा प्राथमिक अंदाज बीएलएसने स्वतःच जाहीर केला. अंतिम दुरुस्ती सुमारे सहा लाखांची निघाली. १ ऑगस्ट २०२५ च्या अहवालात मे आणि जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आले, आणि त्याच दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी ब्यूरोच्या प्रमुख एरिका मॅकएंटार्फर यांना पदावरून काढलं. मला हे मनापासून लागलं. स्वतःची चूक स्वतः जाहीर करणारं खातं असणं ही कोणत्याही देशाची कमाई असते. सहा-सात लाखांची दुरुस्ती ऐकायला मोठी वाटते, पण सोळा कोटींच्या जवळ जाणाऱ्या एकूण आकड्यात ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: तक्त्याखाली आकडे उतरवल्याची तारीख लिहा. मी बायडेन यांच्या ओळीत नेमका आकडा न देता ‘दीडशे लाखांहून अधिक’ लिहिलं, ते याचमुळे. ताज्या मुदतीचे आकडे अजून हलतात, जुने स्थिर झालेत. आणि ऑक्टोबर २०२५ चा बेरोजगारी दर शोधत बसू नका. सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद होतं, घरांची पाहणी झालीच नाही, त्या महिन्याची जागा रिकामी राहणार आहे.

श्रेय कोणाला

प्रिन्स्टनचे दोन अर्थतज्ज्ञ, ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन, यांनी ट्रुमन यांच्यापासून ओबामांच्या पहिल्या मुदतीपर्यंतचा काळ तपासला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ४.३३ टक्क्यांनी वाढली, रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात २.५४ टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण त्याची कारणं शोधताना त्यांना सरकारी खर्च किंवा फेडचं धोरण यांत ती सापडली नाहीत. तेलाचे सौम्य धक्के, उत्पादकतेतली अनुकूल वाढ आणि परदेशातली चांगली परिस्थिती, यांनी त्यातला बराच भाग समजावला. डेमोक्रॅट समर्थक या अभ्यासातला पहिला अर्धा भाग सांगतात, रिपब्लिकन समर्थक दुसरा. तुम्ही दोन्ही सांगा.

आणि वाक्य लिहिताना क्रियापद जपा. ‘क्लिंटन यांनी सव्वादोन कोटी नोकऱ्या दिल्या’ असं लिहिलं की तुम्ही कारण सांगितलंत, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आली. ‘क्लिंटन यांच्या काळात वाढल्या’ एवढंच आकडे सांगतात.

गेल्या वेळी वाद पेटला तेव्हा मी ग्रुपवर तक्ता टाकला नाही, कार्टर आणि रेगन यांच्याबद्दल हे लिहिलं: ‘जानेवारी ते जानेवारी, बिगरशेती पगारी नोकऱ्या, हंगामी चढउतार काढून. कार्टर यांच्या चार वर्षांत १०३ लाख, दर ३.१ टक्के, बेरोजगारी ७.५ वरून ७.५. रेगन यांच्या आठ वर्षांत १६१ लाख, दर २.१ टक्के, बेरोजगारी ७.५ वरून ५.४. मधली मंदी महागाई मोडण्यासाठी चढवलेल्या व्याजदरांमुळे.’ आतेबहिणीने विचारलं, मग दोघांत चांगला कोण? मामेभावाने तिला उत्तर देण्याआधी मला वेगळा निरोप पाठवला: ती मालिका कोणत्या सहा अक्षरांनी सापडते?